धुळीचा अभ्यासक्रम

कार्व्हर्स फेरी, ओहायो
६ सप्टेंबर १९९३

प्रिय ट्विला,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "अगं पण कसली पदवी?" आणि दोन्ही वेळा मी हवापाण्यावर घसरले. फोनवर तुझ्या हसण्याची धास्ती वाटते. कागदावर हसलीस तर निदान मला ऐकू यायचं नाही. म्हणून हे पत्र.

टोलँडचा कारखाना बंद होऊन वर्ष झालं. सव्वीस वर्षं मी बशांच्या काठांवर गुलाब चिकटवले, आणि आता माझ्या हातांना करायला काही उरलेलं नाही. बंद कारखान्यातल्या लोकांनी नवं काही शिकावं म्हणून सरकारने सोय केली आहे. आमच्यातल्या बहुतेक जणींनी इस्पितळात नोंदी ठेवायचा वर्ग घेतला. मीही त्याच रांगेत उभी होते. आपलं जुनं हायस्कूल आता विद्यापीठाची शाखा झालं आहे, तिथेच ही रांग. खिडकीतल्या पोरीने माझे कागद चाळले. १९६६ ची गृहशास्त्राची एक सहामाही, रॉयशी लग्न ठरल्यावर सोडलेली. १९७९ चा रसायनशास्त्राचा वर्ग, चकाकीचे रंग समजावेत म्हणून कारखान्याने पाठवलेला. १९८७ चा शुश्रूषेचा वर्ग, तोही अर्ध्यावर टाकलेला.

"बाई, तुमचं तर सगळंच अर्धवट आहे," ती म्हणाली. कुचकेपणाने नाही हं, डॉक्टर वजन सांगतो तसं. "तुम्ही मिसेस यॉडरना भेटा, त्या अशांना सल्ला देतात."

तर ट्विला, अशीही एक दोन वर्षांची पदवी असते, जिचा अभ्यासक्रम ज्याचा त्याने आखायचा. निदान दोन शाखा एकत्र आणायच्या, कॉलेजची तयार पदवी आपल्याला का चालत नाही ते पटवून द्यायचं, आणि शेवटी एक मोठं काम लिहून सादर करायचं. माझे जुने अर्धवट वर्गही त्यात धरतात. रॉय म्हणाला, "जा बाई. घरात बसून माझा खोकला मोजण्यापेक्षा बरं." त्याला आता दिवसभर प्राणवायूची नळी लावावी लागते. पण जीभ शाबूत आहे.

अर्जावरचा पहिलाच प्रश्न: "तुमच्या अभ्यासाचा विषय एका वाक्यात लिहा." चार दिवस झाले, मी त्या रेघेकडे बघते आहे.

तुझी,
अर्लीन

—

मेसा, ॲरिझोना
१९ सप्टेंबर १९९३

प्रिय अर्लीन,

हसले. मोठ्याने हसले. माझा गॉर्डन स्वयंपाकघरातून बघायला आला.

अगं, आपली आई शनिवारी उरलेल्या सगळ्या भाज्या एका पातेल्यात टाकायची आणि त्याला 'खास सूप' म्हणायची, तशीच तुझी ही पदवी दिसते. सत्तेचाळिसाव्या वर्षी! नोंदी ठेवायचा वर्ग घेतलास तर उद्या इस्पितळात खुर्ची मिळेल, विमा मिळेल. रॉयच्या औषधांचा विचार कर. तुझ्या मिसेस यॉडरना काय, त्यांचा पगार चालू आहे.

मी इथे शिक्षिकेची पदवी घेतली ती सरळ रस्त्याने. हे हे विषय, ही ही पुस्तकं, ही परीक्षा. आपलं शिक्षण आपणच ठरवायचं म्हणजे आजाऱ्याने स्वतःचं औषध स्वतः लिहून द्यायचं.

पण तू माझं ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. लहानपणीही ऐकलं नाहीस. थंडी पडायच्या आत छपराची पन्हळ साफ करून घे.

प्रेमाने,
ट्विला

—

कार्व्हर्स फेरी
१४ नोव्हेंबर १९९३

प्रिय ट्विला,

पन्हळ साफ केली. शेजारच्या मेथडिस्ट पाद्र्याने शिडी धरली आणि सबंध वेळ डोळे मिटून प्रार्थना केली.

आता मुख्य गोष्ट. मिसेस यॉडर म्हणजे मुठीएवढी बाई, हाताने विणलेला स्वेटर, आणि खोली कुठली, तर आपल्या शाळेत जिथे बास्केटबॉल ठेवायचे ती. अजून रबराचा वास येतो. मी पहिला अर्ज नेला. त्यात लिहिलं होतं: "आरोग्य, रसायन, इतिहास आणि लेखन." त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अर्लीन, हा विषय नाही. ही किराण्याची यादी आहे."

दुसऱ्या अर्जालाही नाही म्हणाल्या. तिसऱ्या वेळी मला रडूच फुटलं. म्हटलं, "मला नाही जमत. मला कुठे काय येतं?" त्यांनी रुमाल वगैरे काही दिला नाही. नुसतं विचारलं, "तुला काय येतं हे मी विचारतच नाहीये. तुझी झोप कशाने उडते?"

मी म्हटलं, "नवऱ्याच्या श्वासाने."

मग पुढे सगळं आपोआप बाहेर आलं. रॉय चोपन्नचा आहे आणि जिन्याच्या तीन पायऱ्या चढला की बसतो. त्याच्याबरोबर घासाईत कामाला असलेल्या सतरा जणांपैकी तेरा गेले. वाळलेलं कच्चं भांडं भट्टीत जाण्याआधी सँडपेपरने घासून गुळगुळीत करायचं, दिवसभर, वर्षानुवर्षं. गारगोटीची ती पांढरी धूळ. आम्ही तिला 'पीठ' म्हणायचो. गडी घरी आले की बायका म्हणायच्या, "आला माझा भटारी!" आणि अंगणात झटकून आत घ्यायच्या.

मिसेस यॉडरनी कागद माझ्याकडे सरकवला. मी त्या रेघेवर लिहिलं: "टोलँड कारखान्यातली धूळ: ती कशाची होती, तिने शरीराचं काय केलं, आणि ती कोणाला माहीत होती."

वाचून त्या म्हणाल्या, "हा विषय. असा कुठल्याही पदवीत नाही." आणि सही केली.

ट्विला, इतका आनंद मला गुलाबांच्या सव्वीस वर्षांत झाला नव्हता. आपले डॅडी घासाईचेच मुकादम होते, तेव्हा त्यांच्या वेळचं तुला जे आठवत असेल ते लिहून पाठव. तू हायस्कूल संपल्यावर वर्षभर तिथे ऑफिसात होतीस ना? मी तेव्हा अकरा वर्षांची. मला फक्त भोंगा आठवतो.

तुझी,
अर्लीन

—

मेसा
१ डिसेंबर १९९३

प्रिय अर्लीन,

तू विषय नीट विचार करून निवडला आहेस असं वाटत नाही. गाव लहान आहे. तिथे तुला राहायचं आहे. आजारी माणसांच्या दारात जाऊन त्यांना आजार आठवून द्यायचा, यात कसलं शिक्षण? गुलाबांवर का नाही करत? भांड्यांवरची चित्रं, ती कुठून आली, कोणी काढली. सुंदर विषय आहे, आणि तुझ्या हातचा.

ऑफिसात मी जेमतेम वर्ष होते. टपाल उघडायचं आणि कॉफी करायची. आठवण्यासारखं काही नाही.

डॅडींना जाऊन बावीस वर्षं झाली. त्यांना शांत राहू दे.

नाताळची भेट वेगळी पाठवली आहे. रॉयसाठी लोकरीची टोपी आहे.

ट्विला

—

कार्व्हर्स फेरी
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय ट्विला,

टोपी घालून रॉय आरशात बघत म्हणाला, "तुझ्या बहिणीला मी नेहमीच बटाटा वाटत आलोय. आता दिसतोही तसाच."

माझं चाललंय ते ऐक. शरीरशास्त्राच्या वर्गात मी एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये बसते. फुप्फुसाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, माझी नजर मात्र हलेना. इतकं नाजूक असतं गं ते. ओल्या कागदासारखं. आणि त्यात हे दगडाचे कण जाऊन बसतात, शरीर त्यांच्याभोवती भिंत बांधतं, आणि शेवटी माणसात नुसत्या भिंतीच उरतात. परीक्षेत मला वर्गात दुसरा नंबर मिळाला. पहिली आलेली मुलगी पशुवैद्य होणार आहे.

शिवाय मुलाखती घ्यायला शिकते आहे. टेप सुरू करायचा, प्रश्न छोटा विचारायचा आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड.

पण एक चमत्कारिक गोष्ट घडते आहे. लोक मला घरात घेतात, कॉफी देतात, मक्याचा पाव खायला लावतात. आजाराबद्दल, भट्ट्यांबद्दल, संपाबद्दल बोलतात. घासाईच्या खोलीबद्दल विचारलं की मात्र हसतात आणि म्हणतात, "हॉबर्ट मॉसच्या मुलीला आम्ही काय सांगणार! तुझे डॅडी मोठा माणूस." मग विषय संपतो. म्हातारा लेस्टर प्रॉक्टर तर टेप बंद करून म्हणाला, "पोरी, तू चांगली आहेस. पाव घे अजून."

क्लाइड हॅगर्टी आठवतो? चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला तो. त्याची बायको ओपल, तिने दारच उघडलं नाही. जाळीआडून म्हणाली, "तुझ्या घरात विचार आधी." आणि आत गेली.

माझ्या घरात काय विचारायचं? मला वाटतं तिला म्हणायचं असेल, रॉय आजारी आहे तर त्यालाच विचार. पण रॉयही टाळतो. म्हणतो, "दमलो."

तुझी,
अर्लीन

—

मेसा
१० एप्रिल १९९४

प्रिय अर्लीन,

चर्चच्या विक्रीत गुंतले होते म्हणून उशीर. माझे लिंबाचे केक पहिल्या तासात संपले.

तुझ्या मुलाखती झाल्या की नाही अजून? कारखान्याच्या ऑफिसातले जुने कागद कुठे गेले, काही समजलं? बहुधा बंद करताना जाळले असतील. सहज विचारते आहे.

गॉर्डनचे गुडघे तसेच.

ट्विला

—

कार्व्हर्स फेरी
२ ऑक्टोबर १९९४

प्रिय ट्विला,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

ऑगस्टमध्ये रॉयला आठ दिवस इस्पितळात ठेवलं होतं. घरी आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोर्चवर बसून म्हणाला, "आण तुझं ते यंत्र." मी टेप आणला. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, मी टेपवरून उतरवून काढलं आहे.

"घासाईत चार मोठे पंखे होते. धूळ ओढून बाहेर टाकणारे. चालू असले की समोरचा माणूस दिसायचा. पण हिवाळ्यात ते धुळीबरोबर ऊबही ओढून न्यायचे, आणि कोळसा काय फुकट येत नव्हता. म्हणून नोव्हेंबर ते मार्च पंखे बंद. वरून हुकूम यायचा, बटण तुझे डॅडी दाबायचे. तपासणीचा साहेब यायचा असला की सकाळी पंखे सुरू व्हायचे. आम्ही आत पाऊल टाकलं की आवाजावरूनच कळायचं. कोणीतरी ओरडायचं, 'पाहुणे येणार रे!' आणि सगळे हसायचे. साहेब गेला की बंद."

मी विचारलं, "कोणी काही बोलत नव्हतं?"

"काय बोलणार? आणि खरं सांगू का अर्ली, जानेवारीत बोटं वाकायची नाहीत थंडीने. पंखा बंद झाला की आम्ही म्हणायचो, देव हॉबर्टचं भलं करो. हे पण लिही. नाहीतर खोटं होईल."

"मला का नाही सांगितलंस? अठ्ठावीस वर्षं?"

त्याने नाकातली नळी नीट बसवली आणि म्हणाला, "तू रविवारी डॅडींच्या घरी जायचीस तेव्हा किती खूश असायचीस."

सगळ्या गावाला माहीत होतं, ट्विला. लेस्टरला, ओपलला, चर्चमधल्या प्रत्येक बाकाला. मी एकटीच त्या सगळ्यांमधून 'डॅडी माझे डॅडी' करत फिरत होते, आणि त्यांनी मला पाव खायला घातला.

मिसेस यॉडरना जाऊन सांगितलं की मला हा विषय नको. त्यांनी एक कागद दिला: अभ्यासक्रम बदलण्याचा अर्ज. म्हणाल्या, "तू आखलास, तूच बदलू शकतेस. कारणाचा रकाना रिकामा ठेवलास तरी मी सही करीन." तीन आठवडे तो अर्ज पर्समध्ये घेऊन फिरले. दुसऱ्या कोणी आखलेला अभ्यासक्रम असता तर किती सोपं झालं असतं! म्हटलं असतं, काय करू, पुस्तकातच होतं. इथे माझा प्रश्न माझ्याच हाताने लिहिलेला आहे: ती कोणाला माहीत होती.

काल तो अर्ज मी परत केला. कोरा.

मी हे लिहिणार आहे. डॅडींच्या नावासकट. पण तुला आधी सांगायला हवं म्हणून सांगते. तुला यातलं काही माहीत होतं का?

अर्लीन

—

मेसा
११ ऑक्टोबर १९९४

अर्लीन,

कशासाठी? माणूस मेला आहे. तो स्वतःची बाजू सांगायला उठणार नाही. वरून आलेला हुकूम त्याने पाळला. पाळला नसता तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुकादम आला असता आणि आपण दोघी रस्त्यावर. त्याच पगारावर तुझे दात सरळ झाले. उद्या कॉलेजच्या ग्रंथालयात कोणीही पोरगं ते उघडून वाचणार, 'हॉबर्ट मॉसने माणसं मारली.' एका पदवीसाठी! आणि तीही अर्धी पदवी.

तुला लिहायचंच असेल तर मला पत्र पाठवू नकोस.

ट्विला

—

कार्व्हर्स फेरी
१९ मार्च १९९५

प्रिय ट्विला,

पाठवू नकोस म्हणालीस, म्हणून नाताळची दोन पत्रं लिहून कपाटात ठेवली. हे मात्र पाठवते. उघडायचं की नाही ते तू ठरव.

काम पूर्ण झालं. एकशे बारा पानं. त्यात रसायन आहे, फुप्फुसाच्या आकृत्या आहेत (मी काढलेल्या, बशांनी हात तेवढा स्थिर केला आहे), आणि अकरा जणांच्या मुलाखती. नियम असा की काम लोकांसमोर वाचून दाखवायचं. मला वाटलं मिसेस यॉडर आणि दोन प्राध्यापक असतील. ग्रंथालयाच्या खोलीत चाळीस जण आले. लेस्टर प्रॉक्टर टाय लावून आला होता. प्राणवायूचे तीन सिलिंडर होते, रॉयचा धरून. मध्येच बोलणं थांबलं की त्यांची फुसफुस ऐकू यायची.

पंख्यांचं पान आलं. मी पाणी प्यायले आणि वाचलं: "मुकादम हॉबर्ट मॉस, माझे वडील." थंडीचं वाचलं. लोक त्यांचं भलं चिंतायचे तेही वाचलं. आणि हेही वाचलं की त्यांनी त्या खोलीत स्वतःसाठी काचेचं केबिन करून घेतलं होतं, दार घट्ट बंद होणारं. हे मला रॉयने नाही, लेस्टरने सांगितलं, यावेळी टेप चालू ठेवून.

वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या खुर्चीवरून ओपल हॅगर्टी उठली. मला वाटलं निघाली. ती म्हणाली, "पंचवीस वर्षं झाली क्लाइडला. मॉसांच्या घरातलं कोणीतरी हे मोठ्याने म्हणेल, एवढंच मला हवं होतं." आणि बसली.

मला परीक्षकांनी उत्तम शेरा दिला. तो मला नीट आठवतही नाही.

डॅडींवर माझं प्रेम आहे, ट्विला. हे मी कामात लिहिलं नाही, त्याला तिथे जागा नव्हती. तुला लिहिते आहे. मला अजून त्यांच्या कोटाचा वास आठवतो. पण तो वास आणि ते बटण, दोन्ही त्यांचंच होतं.

तुझी,
अर्लीन

—

मेसा
६ एप्रिल १९९५

प्रिय अर्लीन,

उघडलं. अकरा दिवस पाकीट फ्रीजवर पडून होतं. शेवटी गॉर्डनच म्हणाला, "फोड आता, नाहीतर मी फोडतो."

टपाल उघडायचे आणि कॉफी करायचे, असं तुला लिहिलं होतं ते खोटं. मी टंकलेखन करायचे. सतरा वर्षांची होते, मिनिटाला सत्तर शब्द. मॅनेजर साहेब दारात उभे राहून सांगायचे आणि मी लिहायचे. "गुरुवारी पाहुणे. पंखे सकाळी सहापासून." एवढंच. एक प्रत फाइलला, एक घासाईचे मुकादम हॉबर्ट मॉस यांना. दोन-तीन महिन्यांनी एकदा. वार तेवढा बदलायचा. दुसऱ्या वेळी मला अर्थ कळला. जेवणाच्या सुट्टीत मी डॅडींना विचारलं. ते सँडविच खात होते. म्हणाले, "तू फक्त स्पेलिंग बघ, ट्विला."

मी स्पेलिंग बघितलं.

सगळ्यांना वाटतं मी मोठ्या शिक्षणासाठी गाव सोडलं. तुलाही मी तेच वाटू दिलं. खरं म्हणजे मला ते टंकयंत्र बघवेना. पण मी निघून गेले तेव्हा कोणाला काही सांगितलं नाही. माझ्या जागी दुसरी पोरगी आली असेल, तिनेही लिहिलं असेल.

आता जे लिहायचं आहे ते याहून वाईट आहे. १९६६ मध्ये तुझं पत्र आलं होतं. रॉय लँट्झशी लग्न ठरलंय, घासाईत कायम झालाय, डॅडींनीच लावून दिलं, म्हणून किती आनंदात लिहिलं होतंस. मला माहीत होतं त्या खोलीत काय आहे. एक ओळ लिहायची होती: त्याला तिथून काढ. भट्टीवर घाल, गाडीवर घाल, कुठेही घाल. मी दुकानात गेले आणि चांदीच्या घंटा छापलेलं एक अभिनंदनाचं कार्ड आणलं.

डॅडींना शांत राहू दे, असं मी तुला लिहीत होते ना. डॅडींसाठी नव्हतं ते.

तुझ्या अकरा जणांनी आपली नावं दिली. माझं बारावं घे. नाव पूर्ण लिही. ट्विला मॉस, टंकलेखिका, १९५७ ते ५८. काम सादर होऊन गेलंय हे मला कळतं. जमत नसेल तर निदान रॉयला हे वाचून दाखव. की दाखवू नकोस? मला कळत नाही. तू ठरव.

ट्विला

—

कार्व्हर्स फेरी
२ मे १९९५

प्रिय ट्विला,

तुझं पत्र मी दोन दिवस कोणाला दाखवलं नाही. पहिल्या दिवशी मी अंगणातली सगळी जुनी कुंपणाची लाकडं फोडली. कुऱ्हाड मला नीट धरताही येत नाही. रॉय पोर्चवरून विचारत होता, "हिवाळा येतोय का परत?"

ते चांदीच्या घंटांचं कार्ड मी वर्षभर आरशाला लावून ठेवलं होतं. माझी हुशार बहीण ॲरिझोनाहून आशीर्वाद देते आहे म्हणून सगळ्यांना दाखवायचे. तुला माफ केलं असं मी इथे लिहीत नाही, कारण अजून केलेलं नाही. होईल की नाही तेही माहीत नाही. तुझ्यासारखंच मलाही आता स्पेलिंगपुरतं लिहायचं नाहीये.

तिसऱ्या दिवशी रॉयला वाचून दाखवलं. सगळं, त्या एका ओळीसकट. तो डोळे मिटून ऐकत होता. झोपला की काय म्हणून मी थांबले, तर म्हणाला, "वाच पुढे." संपल्यावर म्हणाला, "तिने लिहिलं असतं तरी मी सोडलं नसतं. घासाईत भट्टीपेक्षा जास्त मिळायचं आणि मला तुझ्याशी लग्न करायचं होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "पण लिहायला हवं होतं तिने." ही दोन्ही वाक्यं त्याचीच आहेत, आणि दोन्ही मी तुला पाठवते आहे.

मग मिसेस यॉडरकडे गेले. काम बांधणीला गेलं होतं. त्यांनी फोन करून ते परत मागवलं. बांधणीवाला कुरकुरला. त्या म्हणाल्या, "विद्यार्थिनीचा अभ्यास अजून चालू आहे." तुझं पान जोडलं आहे, पान एकशे तेरा. तुझ्याच शब्दांत, नावासकट. लग्नाचं कार्ड मात्र त्यात नाही. ते तुझं माझं आहे.

ओपलला मीच जाऊन सांगितलं, ग्रंथालयात वाचून कळण्यापेक्षा. या वेळी तिने जाळीचं दार उघडलं. मी बोलत असताना ती वाटाणे सोलत होती. शेवटी विचारलं, "सतरा वर्षांची?" मी हो म्हटलं. "आणि आता कुठे असते?"

पदवीदान वीस मे रोजी आहे, शनिवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत. घरच्यांसाठी मला दोन खुर्च्या मिळाल्या आहेत. एक रॉयची. पायऱ्यांवरून त्याला पाद्री आणि लेस्टर उचलून नेणार आहेत, आणि आत्ताच भांडतायत कोण पुढे. दुसरी तुझी, येणार असलीस तर. गॉर्डनला उभं राहावं लागेल, त्याच्या गुडघ्यांना सांग.

तुझ्या डाव्या हाताची खुर्ची ओपलने मागून घेतली आहे. तुझ्याशी काय बोलणार हे तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

अर्लीन